मधल्या सीटवरचा रोजा

मौद्यात महामार्गालगत वेल्डिंगचे दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थांना वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसावे लागले, तेही रमजानमध्ये. हौस म्हणून नव्हे. धाकट्या भावाचे मुंबईतले हृदयाचे ऑपरेशन अचानक दुसऱ्या दिवशी सकाळी ठरले आणि रेल्वेचे तिकीट वेटिंगवर अडकले. मुलाने मोबाइलवर नागपूरहून संध्याकाळी पाच-चाळीसला सुटणाऱ्या विमानाचे सर्वांत स्वस्त तिकीट काढले आणि बोर्डिंग पासचा छापील कागद अब्बांच्या खिशात घातला.

घरात चर्चा झाली ती रोजाची. प्रवाशाला रोजा न ठेवण्याची सवलत कुरआनातच आहे. सुटलेले रोजे नंतर भरून काढता येतात. पण पहाटे माणूस घरीच असेल आणि रोजा सुरू झाला असेल, तर दिवसा निघालेल्या प्रवासासाठी तो सोडू नये, असे हनफी उलेमा सांगतात. सहरी मौद्यातच झाली होती, त्यामुळे तो प्रश्न मिटला. शिवाय त्यांच्या मनात वेगळेच होते. इफ्तारच्या घडीला रोजेदाराने मागितलेली दुआ कबूल होते, अशी मुसलमानांची श्रद्धा आहे. भावासाठीची दुआ त्यांना त्याच घडीला मागायची होती. आता ती घडी विमानात कशी ओळखायची?

हातातल्या बॅगेला सात किलोची मर्यादा. पत्नीने तिच्यात खजूर, दोन केळी आणि पाण्याची बाटली ठेवली. सीट निवडायची तर वेगळे पैसे लागतात, म्हणून जी मिळाली ती मधली. एका बाजूला तिघे, दुसऱ्या बाजूला तिघे, आणि पुढच्या सीटच्या पाठीला गुडघे टेकलेले. इकॉनॉमीच्या दोन रांगांमधले अंतर साधारण 28 ते 30 इंच असते. आयुष्यभर लोखंडी फाटकांची मापे घेतलेल्या माणसाने ते नजरेनेच मोजले. मार्गिकेकडच्या बाई विमान सुटण्याआधीच झोपी गेल्या होत्या. खिडकीशी पंचविशीतला एक तरुण होता.

वीजकेंद्राच्या चिमण्या वरून दिसतील असे त्यांना वाटत होते. पण विमान पश्चिमेला वळले आणि कन्हान, मौदा सगळे पाठीमागे राहिले.

खाण्याची ट्रॉली आली. त्यांनी मान हलवून नको म्हटले. तरुणाने सँडविच घेतले, मग त्यांच्या हातातल्या खजुराच्या डबीकडे बघून थोडा अवघडला.

"चाचा, रोजा आहे का?"

"हो. तू खा बेटा, मला काही होत नाही."

बोलता बोलता कळले की पोरगा भंडाऱ्याचा. मौद्याच्या रस्त्याने रोज कॉलेजला नागपूरला गेलेला, आता मुंबईत नोकरीला. मग काय, महामार्गावरच्या खड्ड्यांपासून सुरुवात झाली.

साडेसहा वाजले. मौद्यात एव्हाना अजान होऊन गेली असणार. घरची मंडळी शरबत पीत असतील. खिशातल्या रमजानच्या वेळापत्रकातही नागपूरची इफ्तारची वेळ उलटली होती. पण समोरच्या सीटच्या पाठीवर ऊन पडलेले. वेळापत्रक म्हणते रोजा सोडा, ऊन म्हणते थांबा.

इथे नियम सरळ आहे. रोजा घड्याळाने नव्हे, सूर्यास्ताने सुटतो, आणि तोही माणूस जिथे आहे तिथल्या सूर्यास्ताने. निघालेल्या गावाची वेळ चालत नाही, पोहोचायच्या गावाचीही नाही. दुबईत बुर्ज खलिफा उभी राहिल्यावर 2011 मध्ये तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी सांगितले होते, की ऐंशीच्या वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांनी दोन मिनिटे आणि दीडशेच्या वरच्यांनी तीन मिनिटे उशिरा रोजा सोडावा, कारण उंचावरून सूर्य अधिक वेळ दिसतो. विमान तर दहा किलोमीटर उंच. जमिनीवर सूर्य बुडाल्यावरही तिथे तो तेरा-चौदा मिनिटे दिसत राहतो. त्यात दिशा पश्चिमेची. आपल्या अक्षांशावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी साधारण 1,570 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरतो आणि विमान त्याच्या जवळपास निम्म्या वेगाने उलट जाते. म्हणजे सूर्य मावळतो, पण निम्म्या चालीने. तसाही मुंबईचा सूर्यास्त नागपूरपेक्षा पंचवीसेक मिनिटे उशिरा असतो. (परतीचा हिशेब उलटा. मुंबईहून नागपूरला येणाऱ्याचा रोजा आखूड होतो, याची तक्रार मात्र कोणी केलेली ऐकिवात नाही.)

अडचण एवढीच की मधल्या सीटवरून सूर्य दिसत नव्हता.

"बेटा, एक काम करशील? तो पुरा बुडाला की मला सांग."

पोराने सँडविच बाजूला ठेवले आणि गाल काचेला लावला. सूर्य उजव्या हाताला, पण बराच पुढे होता. "अजून आहे, चाचा." थोड्या वेळाने, "अर्धा." उजेडाकडे टक लावून बघू नये हे वेल्डिंगवाल्याला कोणी शिकवावे लागत नाही. ते दोनदा म्हणाले, "डोळे सांभाळ, मधून मधून बघ."

विमान उतरू लागले. पट्टे बांधा, ट्रे बंद करा, खिडक्यांची झाकणे उघडी ठेवा, अशी घोषणा झाली. त्यांनी बाटली मांडीत धरली आणि एक खजूर बोटांत. कान दडपले होते. मागच्या रांगेत एक बाळ रडत होते.

"गेला, चाचा. पूर्ण गेला."

सहा वाजून त्रेपन्न मिनिटे. त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत राहिले, नेहमीच्या दुआपेक्षा बराच वेळ. मग खजूर तोंडात टाकला, पाण्याचा घोट घेतला आणि डबी पोरापुढे धरली. जाग्या झालेल्या बाईंनीही न विचारता एक उचलला.

चाके जमिनीला टेकली तेव्हा बाहेर संधिप्रकाश होता. मोबाइल सुरू होताच पत्नीचा फोन आला. "खोला रोजा? इतनी देर से?" भावजयीचा मेसेज आधीच येऊन पडला होता: ऑपरेशन सकाळी आठला, आत्ता झोपलेत.

भंडाऱ्याच्या पोराने सामानाच्या पट्ट्यापर्यंत सोबत केली, बॅग उतरवून दिली आणि टॅक्सीची रांग दाखवून आपल्या वाटेने गेला.