शहर पसरले, तर वाचते का?

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये १९५७ साली केंद्र सरकारने आपत्कालीन मदतीचे प्रशिक्षण देणारी संस्था काढली. पुढे चीन आणि पाकिस्तानशी युद्धे झाली, १९६८ मध्ये नागरी संरक्षण कायदा आला आणि त्याच वर्षी ही संस्था राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाली. ढिगाऱ्याखालून माणूस कसा काढायचा इथपासून अणुस्फोटानंतर किरणोत्सार कसा मोजायचा इथपर्यंतचे धडे देशभरातले अधिकारी आणि स्वयंसेवक इथे गिरवत आले. मात्र बॉम्ब पडण्याआधीच, शहर वसवतानाच, त्याला वाचवता येईल का, हा प्रश्न या संस्थेहून जुना आहे.

हिरोशिमानंतर वर्ष उलटायच्या आत तो अमेरिकेत विचारला गेला. १९४६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड टेलर यांनी जेकब मार्शाक आणि लॉरेन्स क्लाइन या अर्थतज्ज्ञांसोबत शहरे आणि कारखाने देशभर विखरून टाकण्याचा प्रस्ताव मांडला. १९५० मध्ये गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी प्रत्येक शहराभोवती रस्ते, रेल्वे आणि रुग्णालयांचे कडे असावे, अशी योजना ‘लाइफ’ साप्ताहिकातून पुढे आणली. १९५६ च्या कायद्याने तर आंतरराज्य महामार्गांच्या नावातच ‘संरक्षण’ हा शब्द घातला. तरीही अमेरिकेची उपनगरे फुगली ती मुख्यतः स्वस्त गृहकर्ज आणि मोटारींमुळे. भीतीचा वाटा त्यात लहानच.

विखुरण्यामागचे घनमुळाचे गणित मात्र पक्के होते. बॉम्बची ताकद आठपट झाली, तरी तेवढाच दाब पोहोचण्याचे अंतर दुप्पटच होते. ताकद हजारपट झाली, तर अंतर दहापट. हिरोशिमाचा बॉम्ब सुमारे १५ किलोटनांचा होता. त्या ताकदीच्या स्फोटात साधी घरे पाडणारा दाब साधारण १.७ किलोमीटरपर्यंत जातो. नागपूरचा झिरो माइल हा मध्य धरला, तर सीताबर्डी, रेल्वे स्थानक आणि सिव्हिल लाइन्सचा बराच भाग त्या वर्तुळात सापडेल. क्षेत्र भरते सुमारे ९ चौरस किलोमीटर, आणि महापालिकेची हद्द आहे २१७ चौरस किलोमीटरांहून अधिक. पसरलेल्या शहराचा बहुतांश भाग उभा राहील, हा तर्क तेव्हा खरा होता.

१ मार्च १९५४ रोजी तो कोसळला. बिकिनी बेटांवर अमेरिकेने चाचणी घेतलेला हायड्रोजन बॉम्ब १५ मेगाटनांचा निघाला, म्हणजे हिरोशिमाच्या हजारपट. त्याच हिशेबाने १.७ चे १७ किलोमीटर झाले. झिरो माइलभोवती एवढे वर्तुळ काढले, तर वाडी, हिंगणा, कामठी, मिहान सगळे आत येते. क्षेत्र महापालिकेच्या चौपट.

शिवाय त्या स्फोटाची किरणोत्सारी राख सुमारे १३० किलोमीटर दूर असलेल्या जपानी मासेमारी नौकेवर पडली आणि तिचे २३ खलाशी आजारी पडले. अशा राखेपासून उपनगरातला मोकळा प्लॉट वाचवत नाही. तिथे उपयोगी पडतात दोनच गोष्टी, वेळ आणि वस्तुमान. स्फोटानंतरचे तास सातपट झाले की किरणोत्साराचा मारा साधारण दहा पटींनी उतरतो: पहिल्या तासाला १००० असेल तर सातव्या तासाला १००, एकोणपन्नासाव्याला १०. सुमारे सहा सेंटीमीटर काँक्रीट किरणांचा जोर निम्मा करते. म्हणजे बेसा-हुडकेश्वरच्या ले-आउटमधल्या एकमजली घराचा साधारण दुप्पट जाडीचा स्लॅब तो जोर जेमतेम पाव करील. दाट वस्तीच्या इतवारीतल्या चार मजली इमारतीच्या खालच्या मजल्यावरची मधली खोली पुष्कळ सुरक्षित. धक्क्यासाठी विरळ वस्ती बरी, राखेसाठी दाट.

हिरोशिमाने तर याहून कटू उत्तर दिले. हवाई हल्ल्यांतली आग पसरू नये म्हणून तिथे घरे पाडून रुंद मोकळे पट्टे काढले जात होते. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी हजारो शाळकरी मुले त्याच कामावर उघड्यावर होती, आणि तिथेच गेली. शहराच्या ४५ रुग्णालयांपैकी फक्त तीन वापरण्याजोगी उरली. रुग्णालये मध्यभागी एकवटणे किती महागात पडते, ते इथे दिसते. नागपुरात मेयो आणि मेडिकल ही दोन्ही जुनी सरकारी रुग्णालये शहराच्या आतल्या भागात आहेत. एम्स मिहानमध्ये गेले, हे निदान लहान बॉम्बाच्या दृष्टीने चांगलेच झाले.

नागपुरात अंतराचा प्रश्न अणुबॉम्बाविनाही रोजचा आहे. स्फोटकांच्या साठ्याभोवती किती जागा मोकळी सोडायची, याचे नियम त्याच घनमुळाच्या गणितावर बेतलेले असतात, आणि नागरी स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय याच शहरात आहे. मे २०१६ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली, तेव्हा ती विझवायला धावलेले जवान आणि अग्निशमन कर्मचारी प्राणाला मुकले. अंबाझरीची आयुध निर्माणी साठच्या दशकात उभी राहिली, ती शहराबाहेर. आज अमरावती रोडने वाडीच्या पुढपर्यंत घरे आणि गोदामे दाटली आहेत. इथे शहर जितके पसरते तितके अशा ठिकाणांच्या जवळ जाते. महानगर क्षेत्राचा आराखडा ३,५०० चौरस किलोमीटरांहून मोठ्या प्रदेशाचा आहे. पुढचा ले-आउट विकायला निघण्याआधी स्फोटकांच्या साठ्यांभोवतीचे मोकळे पट्टे या आराखड्याच्या नकाशावर आखले गेले पाहिजेत, आणि आखल्यावर ते राखण्याची जबाबदारी कुणाची, हेही तिथेच लिहिले गेले पाहिजे.