एक सूत कमी-जास्त

पेण आणि रोहा तालुक्यांत वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळत असल्यामुळे लाकडाच्या सांध्याची खरी परीक्षा तेथे दरवर्षी होते. माडीची तक्तपोशी, म्हणजे वरच्या मजल्याखालचे फळ्यांचे छत, किंवा दाराची फळ्याफळ्यांची झडप यांत सांधा बहुधा खाचेचा असतो. एका फळीच्या कडेला लांबलचक खाच पाडायची, शेजारच्या फळीच्या कडेला तिच्यात बसणारी जीभ ठेवायची आणि दोन्ही एकमेकींत सरकवायच्या, अशी त्याची साधी रचना आहे. अडचण येते ती फळ्यांच्या जाडीमुळे. हाताने चिरलेली किंवा जुन्या घरातून उतरवलेली फळी क्वचितच सारख्या जाडीची मिळते, आणि वखारीतून एकाच मापाने आणलेल्या फळ्याही रंधा मारल्यावर कमी-जास्त भरतात.

ही तफावत सुतार सुतांत मोजतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३.२ मिलिमीटर. समजा काही फळ्या सहा सुती आणि काही सात सुती आहेत आणि खाच दोन सुती हवी आहे. फळीच्या जाडीचा तिसरा हिस्सा खाचेला द्यावा, हा या कामातला जुना ठोकताळा येथे नेमका लागू पडतो. नवशिका कारागीर खाच मधोमध यावी म्हणून दोन्ही बाजूंनी दोन-दोन सूत सोडून आखतो. त्यामुळे सहा सुती फळीत दोन सुती खाच पडते, पण सात सुतीत तीच तीन सुती होते, आणि एकाच मापाची जीभ पहिलीत घट्ट तर दुसरीत खुळखुळती बसते. खाचेची रुंदी कायम ठेवून ती केवळ मध्यावर आणली, तर सांधा बसतो खरा, पण जाडीतला फरक अर्धा-अर्धा वाटला जाऊन दोन्ही अंगांना पायरी दिसते, आणि हा तोडगा पहिल्या चुकीपेक्षा फारसा बरा म्हणता येत नाही.

यावरचा उपाय सोपा असला तरी त्यासाठी आधी एक निर्णय घ्यावा लागतो. प्रत्येक फळीची दर्शनी बाजू ठरवून ती रंध्याने सपाट करायची, तिच्यावर खूण करायची आणि पुढची सर्व मापे त्याच बाजूपासून घ्यायची. खाच पाडण्याच्या रंध्याला पात्याच्या बाजूने एक टेकण असते. ते नेहमी खुणेच्या बाजूला टेकवले, की फळी सहा सुती असो वा सात सुती, खाच दर्शनी बाजूपासून दोन सुतांवरच पडते. मग सगळी तफावत मागच्या अंगाला जाते, जेथे ती कोणाला दिसत नाही किंवा दिसली तरी खुपत नाही. विजेच्या राउटरने काम केले तरी नियम हाच. यंत्र वेगाने चालते एवढेच. टेकण चुकीच्या बाजूला लागले तर चूकही तितक्याच वेगाने होते.

चौकटीत बसणाऱ्या पॅनेलच्या बाबतीत हीच युक्ती वेगळ्या रूपात येते, कारण तेथे चौकटीची खाच एका मापाची आणि पॅनेल मात्र जाड-पातळ असते. अशा वेळी संपूर्ण पॅनेल रंधत बसण्याऐवजी मागच्या बाजूने केवळ कडा उतरत्या कापतात आणि कडेची जाडी खाचेत शिरेल एवढी आली की थांबतात. खाचेच्या तळाशी मोकळी जागा ठेवणे आणि तेथे सरस न लावणे मात्र अत्यावश्यक असते. सागासारखे शांत लाकूडही दमट हवेत रुंदीच्या दिशेने वाढते: आडव्या चिरेची २०० मिलिमीटर रुंद सागफळी, तिच्यातील ओलावा १२ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला, तर सुमारे दोन मिलिमीटरने रुंदावते. वैशाखात ठासून बसवलेले पॅनेल श्रावणात चौकटीचे सांधे उचकटते ते यामुळे.

खाचेत लाकडाला वाव ठेवण्याची हीच गरज पाटालाही असते. पाटाची फळी वाकू नये म्हणून तिच्या खालून दोन आडव्या पट्ट्या देतात. त्या खिळ्यांनी न ठोकता आत रुंद आणि तोंडाशी अरुंद अशा खाचेत सरकवल्या, तर फळीला फुगायला-आकसायला वाव राहतो. खाचेची खोली खालच्या पृष्ठापासूनच मोजली जात असल्यामुळे पाट किती जाड आहे याने पट्टीच्या बसण्यात फरक पडत नाही.

खाचेच्या कामाचा सर्वांत देखणा नमुना मात्र कोकणातल्या जुन्या बाजारपेठांतील फळ्यांच्या दुकानांत सापडतो. दुकान बंद करताना उभ्या फळ्या एकेक करून खालच्या उंबऱ्याच्या आणि वरच्या आडव्या लाकडाच्या खाचेत बसवतात. वरची खाच इंचभराहून थोडी जास्त खोल आणि खालची अर्धा इंच असते. फळी आधी वरच्या खाचेत पूर्ण वर ढकलायची, तिचा पाय उंबऱ्यावर आणायचा आणि मग खाली सोडायची, म्हणजे वरचे टोक अर्धा इंच खाचेतच अडकून राहते. येथेही फळ्यांची जाडी सारखी करण्याचा खटाटोप कोणी करत नाही. प्रत्येकीची वरची आणि खालची कड तेवढी मागून तासलेली असते, आणि ती आपापल्या जागेपुरती तासलेली असल्यामुळे फळ्यांवर क्रमांक घातलेले असतात. एखादी फळी कुजून बदलावी लागली, तर नवीन फळीची कड मूळ मापाला नव्हे, तर वर्षानुवर्षांच्या घासणीने त्या जागी रुंदावलेल्या खाचेला बेतून तासावी लागते.