घरच्या संगणकावर जुनी ग्रंथसूची

यादी हरवलेल्या ग्रंथालयांत दहा हजार पुस्तकें असलीं तरी वाचकाला तीं नसल्यासारखींच असतात. नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत ही गोष्ट विशेष जाणवते. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत होता. त्यामुळें येथील जुन्या कपाटांत मराठी पोथ्यांच्या शेजारीं उर्दू क्रमिक पुस्तकें आणि मोडी दप्तरें आढळतात. देगलूर-उदगीरकडे सरकावें तों तेलुगु व कानडी ग्रंथांचीहि भर पडते. असल्या मिश्र संग्रहाची यादी करणें हें एखाद्या मनुष्याच्या उमेदीचीं वर्षें खाणारें काम आहे. भारतांतील कित्येक ग्रंथालयांनीं विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत अशा याद्या प्रथम संगणकावर चढविल्या, आणि त्यांतील पुष्कळांच्या हाताशीं 'सीडीएस-आयसिस' नांवाचें सॉफ्टवेअर होतें. आज तें फारसें कोणाच्या ओळखीचें नाहीं. समजा, लातूरच्या एखाद्या घरीं अशा यादीची जुनी फ्लॉपी निघाली, आणि यादी करणारे गृहस्थ आतां हयात नाहींत. तें श्रम वाचवावयाचे तर हें सॉफ्टवेअर घरच्या संगणकावर बसविणें हा सर्वांत सरळ मार्ग होय.

डेटाबेस म्हणजे रचून ठेवलेलें माहितीचें कोठार. त्याचा नेहमींचा प्रकार वाण्याच्या खतावणीसारखा असतो: प्रत्येक ओळींत तेवढेच रकाने. पैशाच्या हिशेबाला ही रचना उत्तम. पुस्तकाला मात्र ती अडचणीची होते. एका पुस्तकाचे तीन लेखक, दुसऱ्याचा एकहि नाहीं, तिसऱ्याला केवळ भाषांतरकार. युनेस्कोनें डिसेंबर १९८५ मध्यें लहान संगणकांसाठीं आयसिस काढलें, त्यांत ही अडचण मुळांतच दूर केली होती. नोंद लहानमोठी असूं शकते, आणि एकच क्षेत्र नोंदींत हवें तितक्या वेळां येऊं शकतें. बरोबर मिळणाऱ्या नमुन्याच्या संचांत ग्रंथनामाला २४, प्रकाशनाच्या तपशिलाला २६ आणि लेखकाला ७० हे क्रमांक दिलेले आहेत. २६ च्या पोटांत स्थळ, प्रकाशक व वर्ष हीं उपक्षेत्रें येतात. ग्रंथपालाच्या मनांतली रचनाच यंत्रांत उतरविली होती, असें म्हटलें तरी चालेल.

त्याची डॉस आवृत्ति आजच्या चौसष्ट-बिटी विंडोजवर सुरूच होत नाहीं, कारण सोळा-बिटी कार्यक्रम चालविण्याची सोय त्या विंडोजमध्यें ठेवलेली नाहीं. यावर 'डॉसबॉक्स' हा उपाय आहे. तो नव्या संगणकाच्या पोटांत जुना संगणक उभा करतो. फोल्डरचें नांव इंग्रजी आठ अक्षरांच्या आंत ठेवावें. त्यानंतर एका लहानशा फाइलींत मेनू, संदेश आणि माहिती कोठें आहे त्याचे पत्ते लिहावे लागतात. कार्यक्रम उघडत नाहीं अशी तक्रार झाली म्हणजे प्रथम हेच पत्ते तपासावे.

यापुढें पुष्कळजण एक चूक करतात. सर्वांत मोठी फाइल तेवढी उचलून आणतात आणि यादी नष्ट झाली म्हणून हळहळतात. यादी एका फाइलींत नसते. 'एमएसटी' फाइलींत नोंदी असतात, 'एक्सआरएफ' मध्यें कोणती नोंद कोठें आहे तें लिहिलेलें असतें, 'एफडीटी' मध्यें क्षेत्रांची व्याख्या असते. आणि शोधासाठीं लागणारी शब्दसूची आणखी सहा फाइलींत विखुरलेली असते. शब्दसूची गेली तर पुन्हां तयार करतां येते. मूळ नोंदी गेल्या तर गेल्या. म्हणून सगळा संच एकत्र उचलावा आणि मूळ प्रतीला हात न लावतां नकलेवरच प्रयोग करावे.

खरी गांठ अक्षरांची आहे. त्या काळीं मराठी लिहिण्याची एक प्रचलित रीत अशी होती कीं, संगणकांत इंग्रजी अक्षरेंच सांठवावयाचीं आणि फॉन्ट त्यांना मराठीचा पोशाख चढवी. कृतिदेव फॉन्टांत लहान 'जे' म्हणजे र, लहान 'के' म्हणजे काना, लहान 'ई' म्हणजे म. तीं तीन अक्षरें ओळीनें टंकिलीं कीं पडद्यावर 'राम' दिसतो. आयसिस मात्र शब्दसूची करतांना इंग्रजीच्या सोयीसाठीं सर्व लहान अक्षरें मोठीं करून घेतें. मोठा 'जे' म्हणजे श्र, मोठा 'के' म्हणजे ज्ञ, मोठा 'ई' म्हणजे अर्धा म. अशा रीतीनें सूचींत रामाचा 'श्रज्ञम्' होतो! एवढ्यावर भागत नाहीं. याच फॉन्टांत य हें अक्षर इंग्रजी अर्धविरामाच्या जागीं आहे, आणि अर्धविराम आला कीं शब्द संपला असें सॉफ्टवेअर मानतें. 'नियम' शब्दाचे 'नि' आणि 'म' असे दोन तुकडे पडतात. नोंद शाबूत असते, पण ती सांपडत नाहीं.

यावरचा इलाज सॉफ्टवेअरच्याच दोन लहान कोष्टकांत आहे. एक कोष्टक कोणत्या अक्षराचें कोणतें मोठें अक्षर तें सांगतें. त्यांत प्रत्येक अक्षर जसेंच्या तसें राहील असा बदल करावा. दुसरें कोष्टक कोणतीं चिन्हें अक्षरें मानावींत तें ठरवितें. त्यांत अर्धविरामासारखीं चिन्हें घालावींत. मग शब्दसूची नव्यानें करावी. हें चालू असतां वीज गेली तर काम अर्धवट राहतें, म्हणून भारनियमनाच्या वेळा पाहून बसावें.

कायमचा उपाय अर्थात् युनिकोडचा. त्यांत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, आणि ही सोय १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. आयसिसमधून 'आयएसओ २७०९' या ठरीव सांच्यांत नोंदी बाहेर काढाव्या, फॉन्टाचें युनिकोडमध्यें रूपांतर करावें, आणि त्या जे-आयसिसमध्यें अथवा कोहामध्यें भराव्या. रूपांतर सरसकट करूं नये. त्याच यादींत इंग्रजी पुस्तकेंहि असतात, आणि तीं याच झपाट्यांत निरर्थक मराठी होऊन बसतात. आधीं भाषेप्रमाणें नोंदी वेगळ्या काढाव्या. यास दोन संध्याकाळ अधिक लागल्या तरी बेहत्तर.

शोधाच्या बाबतींत मराठीचा स्वभाव सांभाळावा लागतो. शब्दाच्या शेवटीं डॉलरचें चिन्ह दिलें म्हणजे त्या अक्षरांनीं सुरू होणारे सगळे शब्द मिळतात. 'लातूर' असें दिल्यास लातूरचा, लातूरकर हे मिळतील, परंतु 'लातुरात' निसटेल, कारण तेथें ऊकार ऱ्हस्व झाला. गांवांचीं नांवेंहि बदललीं आहेत. अंबाजोगाईचे जुने ग्रंथ मोमिनाबाद या नांवाखालीं असतात. लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यांत होतें, आणि उस्मानाबादचें नांव २०२३ मध्यें धाराशिव झालें. छापील नांव कधींहि खोडूं नये. आजचें नांव वेगळ्या क्षेत्रांत जोडावें.

तयार झालेली यादी एकाच घरीं ठेवणें धोक्याचें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानें औसा आणि उमरगा तालुक्यांतील गांवेंच्या गांवें जमीनदोस्त केलीं. नांदेडला गोदावरीच्या पुराचें भय आहे. लातूरची एक प्रत नांदेडला आणि नांदेडची लातूरला असावी. तिच्यासोबत एक छापील कागद द्यावा आणि त्यावर एकूण नोंदी किती, कोणत्या क्रमांकाचें क्षेत्र कशाचें, आणि मूळ फॉन्ट कोणता, हें स्वच्छ अक्षरांत लिहावें.