खळ्यावरची विद्या

आषाढ शुद्ध पौर्णिमा ही भगवान व्यासांच्या पूजनाची तिथी. या दिवशी गुरूंचे पाद्यपूजन करावे, ग्रंथाला गंधफूल वाहावे, हा आपल्या घराघरांतील कुलाचार. गुरू आणि ग्रंथ यांच्याबरोबर विद्येला आणखी एक आधार लागतो. तो म्हणजे आपल्याशेजारी त्याच ग्रंथापुढे बसलेला सहाध्यायी. त्याच्या पूजनाचा विधी कोणत्याही पंचांगात दिलेला नाही. तरीही उपनिषदांच्या आरंभी म्हटला जाणारा प्रसिद्ध शांतिपाठ पाहा. त्यातील प्रार्थना द्विवचनात आहे. आम्हा उभयतांचे रक्षण होवो, उभयतांनी मिळून पराक्रम करावा, असे म्हणत म्हणत शेवटी मागणे काय, तर आम्हा उभयतांत द्वेष न शिरो. अध्ययनाला बसलेल्या माणसांत द्वेष शिरू शकतो, हे ऋषींनी पुरते ओळखले होते. विद्वानांच्या सभा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याचे निराळे प्रमाण नको.

हाच विचार ज्यू धर्मीयांच्या ‘कब्बाला’ नामक गूढविद्येत आम्हांस आढळला आणि आजच्या पर्वणीला तो वाचकांपुढे ठेवावा, असे वाटले. हा विषय कुणास परका वाटेल. परंतु ज्यू समाज महाराष्ट्राला परका नाही. कोकणातील बेने इस्रायल बांधव पिढ्यान् पिढ्या अलिबाग, पेण, रोहे या भागांत तेलघाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांची मातृभाषा मराठी. मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर 1796 साली उभे राहिले. आम्हां कीर्तनकारांस अभिमान वाटावा अशी गोष्ट पुढेच आहे. 1880 च्या सुमारास या समाजाने मुंबईत आपली हरिदासी कीर्तनाची पद्धती उचलली आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साकी, दिंडी, ओवी अशा छंदांत मराठीतून लावली. इस्रायल देशी स्थायिक झालेल्या कुटुंबांतील स्त्रियांच्या कंठी ती पदे अजून आहेत.

कीर्तन उघड्या मंडपात चालते. वाटसरूनेही येऊन बसावे. कब्बाला मात्र दार लावून शिकवण्याची विद्या. या शब्दाचा मूळ अर्थ ‘स्वीकारलेले’, म्हणजे परंपरेने हाती आलेले. तिचे तत्त्वज्ञान थोडक्यात असे : परमेश्वराचे मूळ स्वरूप ‘अनंत’, कोणत्याही गुणाने न सांगता येणारे, त्यापासून ज्ञान, दया, बल, सौंदर्य अशी दहा तत्त्वे प्रकटतात आणि त्यांच्या द्वारा विश्वाशी संबंध जुळतो. निर्गुण-सगुणाची चर्चा ज्या घरांत होते, तेथे याचे फार विवरण करावयास नको.

या विद्येचा मुख्य ग्रंथ ‘झोहार’, म्हणजे तेज. तो अरामी भाषेत असून तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये प्रकट झाला. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशास ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, तोच हा काळ. भाविक ज्यू झोहारचे कर्तृत्व दुसऱ्या शतकातील ऋषितुल्य रब्बी शिमोन बार योहाय यांना देतात. संशोधक स्पेनमधील मोशे द लेऑन या पंडिताकडे बोट दाखवितात. अठरा पुराणे एका व्यासांच्या नावे वाचणाऱ्या आपणांस हा वाद फारसा अस्वस्थ करणार नाही.

या शिमोनांची कथा ज्यूंच्या ‘तालमूद’ या धर्मग्रंथात आहे. रोमन सत्तेविरुद्ध बोलल्यामुळे त्यांना देहान्ताची शिक्षा फर्मावण्यात आली. पुत्र एलाझार याला घेऊन ते एका गुहेत लपले. बारा वर्षे पितापुत्र कंठापर्यंत वाळूत बसून अध्ययन करीत राहिले. बाहेर आले तो शेतकरी नांगरणी-पेरणी करताना दिसले. शाश्वत जीवन सोडून हे लोक क्षणभंगुर गोष्टींत रमले आहेत, असे वाटून दोघे संतापले आणि त्यांची दृष्टी जेथे पडे तेथे आग लागे. तेव्हा आकाशवाणी झाली : माझे जग जाळावयास बाहेर आलात काय? परत गुहेत जा. आणखी बारा महिने गुहेत गेले. पुन्हा बाहेर आल्यावर पुत्राच्या दृष्टीने ज्याला इजा होई, त्याला पित्याची दृष्टी बरे करी. अखेर एक म्हातारा शब्बाथच्या स्वागतासाठी सुगंधी डहाळ्यांच्या दोन जुड्या घेऊन लगबगीने चाललेला दिसला, तेव्हा दोघांचेही मन निवाले.

खानदेशातील श्रोत्यांना ही कथा ऐकताच कुणाची आठवण होईल, हे सांगावयास नकोच. तापी-पूर्णेच्या संगमावरचे आपले चांगदेव! चौदाशे वर्षांचे तप, पाठीशी शिष्यांचा समुदाय, वाघावर स्वारी आणि हाती सर्पाचा चाबूक. एवढे असून ज्ञानदेवांना पत्र लिहिताना मायना काय घालावा हे सुचेना आणि कागद कोरा गेला. शिष्य पुष्कळ होते. समोर बसून चूक दाखविणारे कुणी नव्हते. ते त्यांना चिमुकल्या मुक्ताईत भेटले. पाचोऱ्याहून रेल्वेने भुसावळ ओलांडून मुक्ताईनगरास दर्शनास जाणाऱ्यांनी संगमावर चांगदेवांच्या मंदिरातही क्षणभर बसावे आणि त्या कोऱ्या कागदाचा विचार करावा.

गुहेतून बाहेर आलेल्या शिमोनांनी पुढे काय केले, हे झोहार सांगतो. त्यांनी सोबती जमविले. झोहारमधील उपदेश पुष्कळदा वाटेने चालणाऱ्या या सोबत्यांच्या बोलण्यातून होतो. कधी गाढवे हाकणारा एखादा अनोळखी मनुष्यच त्या पंडितांना गहन अर्थ सांगून जातो. ग्रंथाच्या दोन अत्यंत गुह्य भागांची नावे ‘इद्रा रब्बा’ आणि ‘इद्रा झुटा’, म्हणजे मोठी इद्रा आणि धाकटी इद्रा. विद्वान या शब्दाचा अर्थ ‘सभा’ असा करतात. परंतु मूळ अरामी शब्दाचा अर्थ आहे खळे, मळणीचे खळे. ज्यूंच्या प्राचीन न्यायसभेविषयीही असे सांगितले आहे की, सभासद अर्ध्या खळ्याच्या आकाराने बसत, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचे मुख दिसे. आपल्याकडे भागवताच्या पाचव्या स्कंधात ध्रुवाला खळ्यातील मेढीची उपमा दिली आहे. मेढीभोवती बैल फिरावेत तशी नक्षत्रमंडळे त्याच्याभोवती फिरतात. व्यासांना आणि त्या दूरच्या रब्बींना एकच खळे दिसावे, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते.

मोठ्या इद्रेत गुरूसह दहा जण बसतात. रहस्य सांगावे तर भय आणि न सांगावे तरी भय, अशा संकटात शिमोन अश्रू ढाळतात. उपदेश संपतो तेव्हा तिघांचे प्राण तेथेच अनंतात विलीन झालेले असतात. धाकटी इद्रा शिमोनांच्या निर्याणदिनाची. त्या दिवशी ते कामे वाटून देतात : अब्बाने लिहावे, एलाझारने मुखाने म्हणावे, इतरांनी मनात घोळवावे.

पुढे सोळाव्या शतकात गालील प्रांतातील त्सफात या नगरी इसहाक लुरिया नावाचे महापुरुष आले. 1570 मध्ये आले आणि 1572 मध्ये वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी गेले. एवढ्या दोन वर्षांत त्यांनी कब्बालाला नवे रूप दिले. त्यांची शिष्यांस आज्ञा होती की, प्रातःप्रार्थनेपूर्वी शेजाऱ्यावर आपल्यासारखेच प्रेम करण्याचा संकल्प करावा आणि विशेषेकरून सहाध्यायांवर. एखाद्या सोबत्याच्या घरी आजार असेल, मुलाबाळांचे दुःख असेल, तर त्याचा भार सर्वांनी प्रार्थनेत वाहावा. शांतिपाठातील ते शेवटचे मागणे येथे निराळ्या शब्दांत भेटते.

या सोबतीच्या विद्येवरून एक वाद आपल्या पुण्यात झाला, हे फार थोड्यांस ठाऊक असेल. पुण्याच्या लष्कर भागात डेव्हिड ससून यांनी बांधविलेले ‘लाल देऊळ’ पुष्कळांनी पाहिले असेल. ते 1867 मध्ये पूर्ण झाले. त्या बगदादी ज्यू समाजातील अब्राहम डेव्हिड एझिकिएल हे पुण्याचे गृहस्थ थिऑसॉफिकल सोसायटीचे सभासद होते. ही संस्था 1875 मध्ये न्यूयॉर्कला निघाली आणि 1879 मध्ये तिचे चालक मुंबईस आले. एझिकिएल यांनी 1887 साली पुण्यात ‘इद्रा झुटा’चे भाषांतर छापून प्रसिद्ध केले. भाषांतर त्यांच्या समाजाच्या घरगुती अरबी बोलीत होते, लिपी हिब्रू. (ते मराठीत नव्हते, याची हळहळ वाटते.) गुह्य ग्रंथ असा बाजारात मांडला, म्हणून धर्मगुरूंनी विरोध केला आणि मोठे वादळ उठले.

या वादात कोणाची बाजू घ्यावी? गीतेचा अर्थ देशी भाषेत आणणाऱ्या ज्ञानदेवांचे आम्ही वारस. आमचे मन एझिकिएल यांच्याकडे झुकते. लोकभाषेत आल्याने तेज उणे होत नाही. परंतु धर्मगुरूंची काळजी सर्वस्वी पोकळ होती, असेही म्हणवत नाही. दहा जणांनी मिळून ऐकावयाचे रहस्य छापील पुस्तकातून एकट्याच्या हाती पडते, तेव्हा त्याला थांबविणारा, विचारणारा, हसणारा शेजारी नसतो. आता तर कुलूप उरलेलेच नाही. झोहारचे इंग्रजी भाषांतर बारा खंडांत 2017 पर्यंत पूर्ण झाले आहे आणि मनगटाला लाल दोरा बांधला की कब्बाला साधली, असे मानणारेही निघाले आहेत. आपल्याकडेही प्रवचने मोबाइलवर घरबसल्या मिळतात. थकल्याभागल्यांना, अंथरुणास खिळलेल्यांना तो मोठा आधार आहे, आणि आम्ही त्याला नावे ठेवणार नाही. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी मात्र घरातून उठून चार माणसांत जाऊन बसावे, असा आमचा आग्रह आहे.

पाचोऱ्यास आमच्या बैठकीत सध्या ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय चालू आहे. त्यात एकाने आक्षेप घेतला की, भगवंत तर योग्याने एकान्तात एकटे राहावे असे सांगतात, मग आपण येथे गर्दी करून का बसलो? आक्षेप योग्यच आहे. ध्यानाला एकान्त हवा. शिमोनांनाही गुहा लागली. परंतु तेच भगवंत दहाव्या अध्यायात भक्तांचे वर्णन करताना, ते एकमेकांना बोध करतात आणि त्यातच रमतात, असे सांगतात. यावर त्या सायंकाळी बराच खल झाला. मग ओघाने इद्रेची गोष्ट निघाली. बैठकीतील एका वृद्ध शेतकऱ्याने, ज्याने ज्वारीची खळी उभ्या जन्मात किती केली याची गणती नसेल, खळे हा शब्द ऐकून मान वर केली आणि विचारले, “महाराज, त्या दहांत उफणायला कोण होतं?”

आम्ही त्यांस धाकट्या इद्रेतील कामांची वाटणी सांगितली. अब्बा लिहिणार, एलाझार म्हणणार, बाकीच्यांनी मनात घोळवायचे. “मग बाकीचेच,” ते म्हणाले, आणि पोथीचे पान पुढे सरकविले.