अवघे मैदान

बुलढाणा हे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असले, तरी त्या शहराला रेल्वेस्थानक नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेल्या या गावातून आगगाडी गाठावयाची, तर राजूर घाट उतरून मलकापूरला यावे लागते. मलकापूर, नांदुरा आणि शेगाव ही गावे मुंबईहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहेत. खामगावचा लहानसा फाटा जलंब येथे या मार्गास मिळतो. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या भागांतील प्रवाशाला तर आधी एस. टी. चा लांबचा पल्ला गाठावा लागतो. अशा जिल्ह्यातील मुलींचा एखादा संघ परगावी स्पर्धेसाठी निघतो, तेव्हा खेळाची पहिली कसोटी मैदानावर लागत नाही. ती घराच्या उंबरठ्यावर लागते. मुलीला चार दिवस दूरच्या गावी पाठवावे की नाही, तिच्या अभ्यासाचे काय होईल, तिच्याबरोबर कोण शिक्षिका आहेत, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून तिची पिशवी भरली जात नाही.

मुलींनी खेळावे की नाही, आणि खेळावे तर किती, हा प्रश्न केवळ एका जिल्ह्याचा किंवा एका देशाचा नाही. बास्केटबॉल या खेळाचा इतिहास पाहिला म्हणजे ही गोष्ट फार स्पष्टपणे ध्यानात येते. या खेळात स्त्रियांना आरंभी मैदानाचा केवळ तिसरा हिस्सा मिळाला होता. ज्या देशात हा खेळ जन्मास आला, त्या देशातही अवघे मैदान त्यांच्या वाट्यास येण्यास सुमारे ८० वर्षे लागली.

बास्केटबॉलचा जन्म एका शिक्षकाच्या अडचणीतून झाला. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड या गावी यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन, म्हणजेच वाय. एम. सी. ए., या ख्रिस्ती संस्थेचे एक प्रशिक्षण विद्यालय होते. तेथे जेम्स नेस्मिथ नावाचे तरुण शिक्षक काम करीत. हिवाळ्यात बाहेर बर्फ पडे आणि मैदानी खेळ बंद होत. विद्यार्थी बंद व्यायामशाळेत कवायत करून करून कंटाळून जात. या मुलांसाठी छपराखाली खेळता येईल असा नवा खेळ दोन आठवड्यांत शोधून काढावा, अशी कामगिरी नेस्मिथ यांच्यावर सोपविण्यात आली.

नेस्मिथ यांनी प्रथम जुन्या खेळांचा विचार केला. खेळाडू चेंडू घेऊन धावू लागला, की त्याला अडविण्यासाठी दुसरे त्याच्या अंगावर पडतात आणि लाकडी जमिनीवर हातपाय मोडण्याचा प्रसंग येतो. म्हणून चेंडू हातात घेऊन धावावयाचे नाही, असा नियम त्यांनी केला. चेंडू जमिनीलगतच्या खांबांमध्ये मारावयाचा असेल, तर तो जोराने मारला जातो आणि इजा होते. म्हणून लक्ष्य डोक्याच्या वर, आडवे ठेवावे, म्हणजे तेथे जोर कामी न येता नेम कामी येईल, असे त्यांनी ठरविले. पीच नावाची फळे ठेवण्याच्या दोन टोपल्या त्यांनी व्यायामशाळेच्या सज्जाला सुमारे १० फूट उंचीवर ठोकल्या. डिसेंबर १८९१ मध्ये १८ विद्यार्थ्यांचे दोन संघ करून पहिला सामना झाला. त्यात एकच चेंडू टोपलीत पडला. टोपलीला बूड असल्यामुळे आत पडलेला चेंडू कोणीतरी वर चढून काढावा लागे! नेस्मिथ यांनी लिहिलेले नियम अवघे १३ होते. टोपलीची जागा पुढे लोखंडी कड्याने आणि जाळीने घेतली; तथापि ती १० फुटांची उंची, म्हणजे ३.०५ मीटर, आजही कायम आहे.

हा खेळ अस्तित्वात येऊन थोडेच महिने झाले होते, तोच तो मुलींपर्यंत पोहोचला. स्प्रिंगफील्डजवळच मुलींचे स्मिथ कॉलेज होते. तेथील शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी या नव्या खेळाविषयी वाचले आणि १८९२ मध्ये आपल्या विद्यार्थिनींना तो शिकविला. त्या काळी स्त्रियांचे शरीर नाजूक असते, धावपळीने त्यांची प्रकृती बिघडते, असा समज अमेरिकेतही सर्वत्र होता. या समजुतीस अगदी उघड विरोध केला असता, तर कदाचित मुलींना खेळूच दिले गेले नसते. बेरेन्सन यांनी मैदानाचे तीन भाग केले आणि कोणत्याही खेळाडूने आपल्या भागाबाहेर जाऊ नये, असा नियम घातला. दुसरीच्या हातातून चेंडू हिसकावण्यास मनाई होती. चेंडू ३ सेकंदांहून अधिक वेळ हातात ठेवता येत नसे आणि त्याचे ३ हून अधिक टप्पेही देता येत नसत.

४ एप्रिल १८९६ रोजी कॅलिफोर्नियामध्ये दोन विद्यापीठांच्या मुलींचा सामना झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संघाने तो २ विरुद्ध १ असा जिंकला. तो पाहण्यास शेकडो स्त्रिया जमल्या होत्या. पुरुष प्रेक्षकांना मात्र आत प्रवेश नव्हता. मुलींनी धावावे, घाम गाळावा, मोठ्याने ओरडून सोबतिणीला हाक मारावी, हे परक्यांनी पाहणे त्या काळच्या रीतीस धरून नव्हते. अशा रीतीने मुलींना खेळ मिळाला. मात्र त्यासोबत रेषाही आल्या, आणि त्या रेषा खडूच्या असल्या तरी पुसल्या जाण्यास फार काळ लागला.

भारतात या खेळाच्या प्रसारात वाय. एम. सी. ए. या संस्थेचा मोठा वाटा आहे. हॅरी क्रो बक या अमेरिकन शिक्षकांनी १९२० मध्ये मद्रास येथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले. तेथे तयार झालेले शिक्षक देशातील अनेक शाळांत गेले. बास्केटबॉलला पुरुषांसाठी ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले ते १९३६ च्या बर्लिन येथील सामन्यांत. वृद्ध नेस्मिथ तो सोहळा पाहण्यास स्वतः हजर होते. योगायोग असा, की त्याच वर्षी त्याच नगरीत विदर्भातील एक पथकही गेले होते. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी भारतीय खेळांची व व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके तेथे करून दाखविली. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाने विदर्भात व्यायामाची गोडी लावली. स्त्रियांच्या बास्केटबॉलला मात्र ऑलिंपिकमध्ये जागा मिळण्यास आणखी ४० वर्षे जावी लागली. ते १९७६ मध्ये माँट्रिऑल येथे घडले.

त्यापूर्वी चार वर्षे अमेरिकेत एक उल्लेखनीय गोष्ट घडली. पेनसिल्व्हेनिया राज्यात इमॅक्युलाटा नावाचे मुलींचे एक लहान कॅथलिक महाविद्यालय होते. ते ख्रिस्ती जोगिणी चालवीत. महाविद्यालयाची व्यायामशाळा १९६७ मध्ये आगीत नष्ट झाली होती. मुलींचा बास्केटबॉल संघ तरीही सराव करीत राहिला. त्यांच्या प्रशिक्षिका कॅथी रश या वयाने तरुण, पण मोठ्या चिकाटीच्या होत्या. १९७२ मध्ये महाविद्यालयीन मुलींची राष्ट्रीय स्पर्धा इलिनॉय राज्यातील नॉर्मल या गावी भरली, आणि १६ संघांमध्ये इमॅक्युलाटाची निवड झाली.

आनंदाबरोबर चिंताही उभी राहिली. प्रवासाला पैसे नव्हते. मुलींनी दात घासण्याचे ब्रश विकून पैसे जमविले. तरीही सर्वांच्या भाड्याची सोय झाली नाही, म्हणून केवळ ८ खेळाडूंनाच नेता आले. उरलेल्या सोबतिणींना घरी राहावे लागले. विमानाचे तिकीटही असे घेतले, की रिकामी जागा उरली तरच बसावयास मिळावे. मानांकनात हा संघ १५ वा होता. तेथे पोहोचल्यावर या आठ मुलींनी एकामागून एक सामने जिंकले. अंतिम सामन्यात त्यांच्यासमोर वेस्ट चेस्टरचा संघ उभा राहिला. याच संघाने थोड्याच दिवसांपूर्वी त्यांचा ३२ गुणांनी पराभव केला होता. या वेळी इमॅक्युलाटाने ५२ विरुद्ध ४८ असा विजय मिळविला. त्यानंतरची दोन वर्षेही राष्ट्रीय विजेतेपद त्यांच्याकडेच राहिले.

या विजयाला आणखी एक अर्थ होता. अमेरिकेतील महाविद्यालयीन मुलींच्या बास्केटबॉलमध्ये प्रत्येक बाजूस पाच खेळाडू आणि प्रत्येकीस अवघे मैदान, हा नियम १९७१ मध्ये कायम झाला होता. मैदान मोकळे झाल्यावर जगास दिसून आले, की धावल्याने मुलींची प्रकृती बिघडत नाही. उलट त्यांचा खेळ खुलतो. इतके असूनही आयोवा राज्यातील काही शाळांत विभागलेल्या मैदानाचा जुना खेळ १९९३ पर्यंत चालू होता. जुनी समजूत किती सावकाश जाते, हे यावरून कळते.

आजच्या नियमांप्रमाणे बास्केटबॉलचे मैदान २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असते. संघात १२ खेळाडू असले, तरी एका वेळी पाचच मैदानात उतरतात. सामना प्रत्येकी १० मिनिटांच्या चार भागांत होतो. चेंडू हाती आल्यावर संघाने ८ सेकंदांत मैदानाचा मध्य ओलांडावा लागतो आणि २४ सेकंदांत कड्याकडे नेम धरून चेंडू फेकावा लागतो. जवळून टाकलेल्या चेंडूला २ गुण, दूरच्या रेषेबाहेरून टाकलेल्या चेंडूला ३ गुण आणि दंड म्हणून मिळालेल्या मोकळ्या फेकीला १ गुण मिळतो. जिच्याकडून पाच वेळा नियमभंग होतो, तिला त्या सामन्यातून बाहेर जावे लागते. २४ सेकंद हा फार थोडा वेळ आहे. तेवढ्यात एकटीने काही करू पाहणारी खेळाडू बहुधा अडते. चौघींची जागा न पाहताही जिला कळते, तिचा संघ पुढे जातो.

मैदान मोकळे झाले, तशा भारतीय मुलीही या खेळात पुढे आल्या. २०१७ मध्ये बंगळुरू येथे आशिया चषकाच्या दुसऱ्या श्रेणीत भारतीय महिला संघाने कझाकस्तानचा ७५ विरुद्ध ७३ असा पराभव केला आणि वरच्या श्रेणीत प्रवेश मिळविला. पुण्याच्या शिरीन लिमये यांनी भारतीय महिला संघाचे कर्णधारपद भूषविले आहे.

राष्ट्रीय स्पर्धेची वाट पायऱ्यापायऱ्यांची आहे. महाराष्ट्रात शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुलामुलींसाठी भरतात. बुलढाणा जिल्ह्यातील शाळेचा संघ आधी जिल्ह्यात जिंकतो. मग अमरावती विभागात अमरावती, अकोला, वाशीम व यवतमाळ या जिल्ह्यांतील संघांशी त्याची गाठ पडते. तेथे यश आले, तर राज्यातील आठ विभागांच्या स्पर्धेत तो उतरतो. आणि राज्यातून निवडलेल्या मुलींचा संघ महाराष्ट्राच्या नावाने राष्ट्रीय स्पर्धेस जातो. महाविद्यालयीन मुलींची वाटही अशीच आहे. खामगाव, बुलढाणा, चिखली येथील महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी जोडलेली आहेत. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, तो पश्चिम विभागात खेळतो, आणि तेथे वरचे स्थान मिळाले तर अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेचे दार उघडते.

या प्रत्येक पायरीवर गुणांइतकेच दुसऱ्यांचे साहाय्य लागते. पहाटे मैदानावर येणारे शिक्षक लागतात. उन्हात तापलेल्या अंगणात चेंडूचे टप्पे ऐकून न रागावणारे शेजारी लागतात. मुलगी घरी नसेल तेव्हा तिच्या वाट्याचे काम उचलणारा भाऊ लागतो. “जा, पण जपून खेळ,” असे म्हणणारे वडील लागतात. संघ पाच जणींचा दिसतो; परंतु त्या पाचजणींना मैदानापर्यंत पोहोचविणारा दुसरा एक संघ असतो, आणि त्याचे नाव गुणफलकावर कधीही लागत नाही.

एक गोष्ट मात्र विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. प्रौढ स्त्रियांच्या सामन्यात चेंडू पुरुषांच्या चेंडूहून किंचित लहान व हलका असतो. मैदान मात्र तेवढेच लांब, आणि कडे तेवढ्याच उंचीवर असते. एके काळी ज्यांना रेषेपलीकडे पाऊल टाकण्याची मुभा नव्हती, त्यांच्यासाठी आज कडे एक इंचही खाली आणावे लागत नाही. त्या तेथवर धावत जातात आणि आपल्या बळावर चेंडू त्यात टाकतात.