दहा गुंठ्यांचे शेडनेट, अख्ख्या गावाचा ताळेबंद

आच्छादित शेतीचा लेखाजोखा : लेखांक सहावा

मागच्या लेखात शेडनेटमधल्या बीजोत्पादनाचा जमाखर्च पाहिला. सांगाडा, जाळी, ठिबक, मजुरी, औषधे आणि शेवटी किलोमागे मिळणारा भाव एवढ्या बाबी त्यात आल्या. काही खर्च मात्र शेतकऱ्याच्या वहीत कधीच चढत नाहीत. विहिरीची उतरलेली पातळी, बांधावर उडणारे प्लास्टिक, फवारणाऱ्याच्या अंगावर बसणारे औषध आणि सकाळी शाळेऐवजी प्लॉटवर दिसणारी पोर, ही ती यादी. हे खर्च कोणी मोजायचे, हा या लेखाचा विषय. जालना, जाफराबाद, भोकरदन आणि जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेला देऊळगाव राजा हा टापू संकरित भाजीपाला बियाण्यांसाठी ओळखला जातो. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको सुरू केली, पुढे १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि दरम्यानच्या काळात या भागात बियाण्याचे काम जाणणारे हात पिढीगणिक तयार होत गेले. पूर्वी हे काम उघड्या रानात चाले. आता टोमॅटो, मिरची, ढोबळी यांचे प्लॉट जाळीखाली गेले आहेत. कारण साधे आहे : पांढरी माशी आणि फुलकिडे विषाणूजन्य रोग आणतात, आणि जाळी त्यांना बऱ्याच अंशी बाहेर ठेवते.

एकेक शेडनेट पाहिले तर त्यात खुपण्यासारखे काही नाही. दहा गुंठे म्हणजे हजार चौरस मीटर जागा. उन्हाच्या दिवसांत पिकाला रोज तीन-चार हजार लिटर पाणी लागते, म्हणजे पाच महिन्यांच्या पिकाला ढोबळमानाने पाच लाख लिटर. ठिबकवर असलेल्या या पिकाला उघड्या रानातल्या पाटपाण्यापेक्षा एकरी कितीतरी कमी पाणी पुरते, हा शेडनेटच्या बाजूचा युक्तिवाद खरा आहे आणि तो मान्य करूनच पुढे जायला हवे. पण गावात असे शंभर प्लॉट झाले की पंचवीस एकर क्षेत्र जाळीखाली जाते आणि पाच कोटी लिटर पाण्याची मागणी उभी राहते. तीही नेमक्या अशा महिन्यांत, जेव्हा विहिरीत दुसरीकडून काही येत नसते. वाचलेले पाणीही जमिनीत शिल्लक राहत नाही. ते शेजारच्या मोसंबीला जाते, नाहीतर पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या शेडनेटला. कार्यक्षमता प्लॉटची वाढते, उपसा गावाचा वाढतो. जालन्याच्या बेसाल्ट खडकात पाणी साठायला भेगा आणि झिजलेल्या मुरुमाचा थर एवढीच जागा आहे. एकाने खोल बोअर मारला की शेजाऱ्याची विहीर आटू लागते. महाराष्ट्र भूजल (विकास आणि व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मध्ये साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आहे. बोअरची गाडी गावात शिरते तेव्हा ते कोणाला आठवते, हा प्रश्न वेगळा.

यावर ठरलेले उत्तर असते शेततळ्याचे. पावसाचे वाहून जाणारे पाणी अडवायचे आणि उन्हाळ्यात वापरायचे, ही कल्पना निर्दोष आहे. व्यवहारात काय होते, ते ईश्वर काळे यांनी २०१७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’तल्या लेखात मांडले : अनेक ठिकाणी शेततळे पावसाने नव्हे, तर विहिरी-बोअरच्या उपशाने भरले जाते. जमिनीखाली सर्वांचे असलेले पाणी वर आणून कागद अंथरलेल्या खड्ड्यात ठेवले की ते एकाचे होते. शिवाय ते तिथे टिकतही नाही. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल अशा तळ्यात सुमारे वीस लाख लिटर पाणी मावते. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात दिवसाला आठ मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तर भरलेल्या तळ्याच्या नऊशे चौरस मीटर पृष्ठभागावरून रोज सात हजार लिटर पाणी उडून जाते. म्हणजे शेडनेटमधले पीक जेवढे पिते, त्याच्या जवळपास दुप्पट पाणी सूर्य पितो. पातळी खाली गेली की पृष्ठभाग आक्रसतो आणि नुकसान कमी होते, हे खरे. तरी फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत तळ्याचा पाव ते तिसरा हिस्सा असाच जातो. जमिनीखाली सावलीत असलेले पाणी वीज जाळून उन्हात आणायचे, याला नियोजन कसे म्हणायचे?

जालना तालुक्यातल्या कडवंचीकडे या बाबतीत बोट दाखवले जाते, आणि ते योग्यच आहे. फक्त ते बहुधा चुकीच्या जागी दाखवले जाते. पाहुणे द्राक्षबागा आणि निळसर शेततळी पाहून परततात. ज्यावर ती तळी उभी आहेत, ते काम त्याआधीचे आहे. नव्वदच्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाखाली खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीने गावाने माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती केली, ओढ्यांवर उपचार केले आणि मग फळबागांकडे मोर्चा वळवला. २०१२च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, तेव्हा कडवंचीची द्राक्षे तगली ती या क्रमामुळे. आधी शिवारात पाणी मुरवले, नंतर ते वापरले. आता उलट क्रमाने चाललेले दिसते : आधी अनुदानाचा अर्ज, मग सांगाडा, मग तळे, आणि पाणलोटाचे काम झालेच तर त्यानंतर. पॉलिहाऊसच्या छपरावरून पन्हाळी लावून सातशे मिलिमीटर पावसात हजार चौरस मीटरमागे सात लाख लिटर पाणी धरता येते, म्हणजे एका पिकाची गरज तिथल्या तिथे भागते. शेडनेटमधून पाऊस थेट आत झिरपतो, त्यामुळे त्याला ही सोय नाही. स्वस्त म्हणून जे बांधकाम आपण सर्वत्र पसरवले, ते पाण्याच्या बाबतीत पूर्णपणे गावावर अवलंबून आहे.

पाण्याचा हिशेब निदान आकड्यांत मांडता येतो. माणसांचा मांडायला कोणी बसत नाही, म्हणून संकरित बियाण्याचे काम प्रत्यक्षात कसे चालते ते जवळून पाहू. टोमॅटोची कळी उमलायच्या आदल्या दिवशी दुपारनंतर बाई वाफ्यात बसते. चिमट्याने कळीतला पिवळा परागकोशांचा शंकू अलगद उपसते, स्त्रीकेसर दुखावू न देता. दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतल्या फुलांचे वाळवलेले पराग त्या फुलाला लावते आणि खूण म्हणून निदल कात्रीने छाटते किंवा दोरा बांधते. खूण नसलेले फळ नंतर तोडून टाकायचे. हे फुलामागून फूल, ओळीमागून ओळ, जाळीखालच्या दमट उकाड्यात. हात हलला तर कळी गेली, पराग शिळा झाला तर फळात दाणा नाही. एवढे कसब लागणाऱ्या कामाला निंदणी-खुरपणीच्या रोजाच्या आसपास मोबदला मिळतो, कारण ते बायांचे काम आहे. कामाची घाई सकाळची, हंगाम शाळा भरलेल्या महिन्यांतला, आणि लहान बोटे चपळ. इथे मुले कामावर कशी येतात याचे वेगळे स्पष्टीकरण द्यायला नको. भाजीपाला बियाण्यांच्या उत्पादनातली बालमजुरी आणि महिलांना मिळणारी कमी मजुरी यांवरचे सर्वेक्षण-अहवाल गेल्या दशकात प्रसिद्ध झाले आहेत. बालमजुरी कायद्यातल्या २०१६च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला कायद्याने बंदी आहे, पण शाळा सुटल्यावर घरच्या कामात मदत करण्याची मुभा आहे. प्लॉट घरचा असेल, तर मदत कुठे संपते आणि मजुरी कुठे सुरू होते?

फवारणीचे गणितही असेच. टेबलावर येणाऱ्या द्राक्षात औषधाचा अंश किती, हे परदेशातला ग्राहक तपासतो. २०१० मध्ये युरोपने आपली द्राक्षे अडवली, तेव्हा नाशिकपासून सगळीकडे अंश-तपासणीची शिस्त एकदम घट्ट झाली. बियाणे कोणी खात नाही, म्हणून तिथे ही तपासणी नाही. कंपनी दोनच गोष्टी पाहते : उगवण आणि शुद्धता. ग्रो-आउट चाचणीत, म्हणजे बी लावून वाणाची शुद्धता तपासताना, सॅम्पल फेल गेले की लॉट गेला, आणि पैसे चाचणीनंतरच मिळतात. या टांगणीवर बसलेला शेतकरी एक फवारा जास्त मारतो, कमी नाही. जाळीत वारा कोंडलेला, पाठीवर पंप, वाफे अरुंद. २०१७ साली यवतमाळमध्ये उघड्या कपाशीत फवारताना वीसहून अधिक माणसे दगावली. बंदिस्त जागेतला धोका त्याहून कमी मानण्याला आधार नाही. आणखी एक गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही. टोमॅटोचे बी आंबवून किंवा आम्ल वापरून गरापासून सोडवतात आणि धुतात. तो गर आणि ते धुवण नाल्यात सोडले तर खालच्या अंगाला पाणी नासते. कारखान्याने असे केले तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस येईल.

मग एवढ्याशा शेतकऱ्याला कारखान्याचे नियम लावायचे का? हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. दहा गुंठेवाल्याच्या डोक्यावर आणखी एक फॉर्म मारला तर तो फॉर्म भरेल, परिणाम काही बदलणार नाही. जबाबदारी तिथे ठेवायला हवी जिथे मोजण्याची ताकद आणि पैसा आहे, आणि अशा जागा दोन आहेत. पहिली अनुदानाची. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात ५,१४२ गावे घेतली गेली. त्यात गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत आयआयटी मुंबईच्या मदतीने बसवली गेली आणि ग्राम कृषी संजीवनी समित्या नेमल्या गेल्या. म्हणजे साधन हाताशी आहे. पण शेडनेटची मंजुरी वैयक्तिक अर्जावर, सातबारा पाहून होते, आणि ताळेबंद वेगळ्या फायलीत राहतो. ताळेबंद तुटीचा असेल तर नवे शेडनेट थांबवायचे, किंवा त्याआधी तेवढे पाणी मुरवणारे काम करून घ्यायचे, एवढी अट घातली तरी बराच फरक पडेल. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या मजूर बाईला या अनुदानातले काही मिळत नाही. निदान तिच्या विहिरीतले पाणी तरी अनुदानाने ओढून नेऊ नये.

दुसरी जागा बियाणे कंपनीच्या कराराची. ‘आम्ही फक्त बियाणे विकत घेतो, मजूर लावतो तो शेतकरी,’ हे कंपन्यांचे म्हणणे कागदावर बरोबर आहे. प्रत्यक्षात नर-मादीचे बियाणे त्यांचे, वाण त्यांचे, वेळापत्रक त्यांचे, भाव त्यांचा, आणि मधला ऑर्गनायझर प्लॉटवर येऊन एकेक ओळ पाहतो. खूण नसलेले फळ ज्याला दिसते, त्याला वाफ्यातली बारा वर्षांची मुलगी दिसत नाही, असे म्हणता येणार नाही. खरेदीदाराने अट घातली की शेती किती झपाट्याने बदलते, याचा दाखला स्पेनमधल्या आल्मेरियाचा आहे. तिथे तीस हजारांहून अधिक हेक्टर हरितगृहे आहेत. भूजल खचले, कोरड्या ओढ्यांत प्लास्टिक साठले, आणि फेब्रुवारी २००० मध्ये एल एहिदो गावात मोरोक्कन मजुरांवर हल्ले झाले. वर्षानुवर्षांच्या उपदेशाने औषधे कमी झाली नाहीत. ढोबळी मिरचीत बंदी असलेल्या कीटकनाशकाचा अंश जर्मनीत सापडला आणि तिथल्या दुकानसाखळ्यांनी हात आखडता घेतला, तेव्हा अवघ्या काही हंगामांत आल्मेरिया मित्रकीटकांकडे वळले. मजुरांची आणि पाण्याची स्थिती मात्र तेवढी सुधारली नाही, कारण दुकानदार ते तपासत नव्हता. बियाण्याच्या बाबतीत आपल्याकडे एवढे तपासणारा खरेदीदारही नाही, म्हणून अट करारातच लिहावी लागेल : चौदाखालचे मूल प्लॉटवर दिसले तर ऑर्गनायझर जबाबदार, फवारणीची नोंद आणि संरक्षक साहित्य कंपनीच्या खर्चाने, धुवणासाठी शोषखड्डा.

प्लास्टिकही याच करारात बसते. जुनी जाळी आणि ठिबकच्या नळ्या भंगारवाला किलोवर नेतो, म्हणून त्यांची चिंता कमी. पंचवीस-तीस मायक्रॉनचा मल्चिंग पेपर मातीने माखतो, फाटतो आणि कोणाला नको असतो. तो बांधावर जाळला जातो किंवा नांगरात गाडला जातो. २०२२ मध्ये प्लास्टिक उत्पादकांवर जी विस्तारित जबाबदारी आली, ती वेष्टनाच्या प्लास्टिकभोवती आखलेली आहे, शेतातल्या पेपरभोवती नाही. ऑर्गनायझर नर-मादीचे बियाणे घेऊन गावात येतोच. परत जाताना वापरलेला पेपर नेला तर त्याची गाडी रिकामी जाणार नाही.

शेवटचा आक्षेप : एवढ्या अटी घातल्या तर कंपन्या कर्नाटकात राणेबेन्नूरकडे जातील, आणि जालन्याच्या बायांचा आहे तो रोजही जाईल. ही भीती पोकळ नाही. म्हणूनच एका जिल्ह्यापुरता नियम उपयोगाचा नाही. अट बियाणे परवान्याशी जोडून सर्व कंपन्यांना सारखी हवी. पण कंपन्या सहज उठून जातील, असेही नाही. क्रॉसिंगचा, म्हणजे फुलांचा संकर करण्याचा, नेमका हात रातोरात तयार होत नाही, आणि तो इथे आहे. किलोच्या भावात या हाताची मजुरी वेगळी दाखवायला लावली, तर शेतकऱ्याला बाईची मजुरी दाबून भाव भागवण्याची गरज उरणार नाही, आणि मुलाला रोज देऊन कोणाचे फार काही वाचणार नाही.