सूर लांबतो, दोष मात्र तारांचा नसतो
पावसाळ्यात बिघडणाऱ्या पियानोच्या डॅम्परची गोष्ट

मुंबई, प्रतिनिधी

पट्टीवरून बोट उचलले तरी सूर रेंगाळत राहतो आणि पुढच्या सुरात मिसळून गोंगाट होतो. अंधेरीतील मरोळ किंवा बोरिवलीतील आयसी कॉलनीसारख्या वस्त्यांत आजी-आजोबांच्या काळचा पियानो जपणाऱ्यांना पावसाळ्यातील हे दुखणे नवे नाही. अशा वेळी ट्यूनिंग करून घेण्याचा विचार प्रथम मनात येतो. मात्र ट्यूनिंगने तारांचा ताण बदलतो, लांबलेला सूर थांबत नाही. ते काम डॅम्परचे.

पट्टी दाबली की हातोडी तारेवर आपटते आणि त्याच वेळी फेल्टची छोटी गादी तारेपासून दूर होते. बोट उचलताच ही गादी तारेवर टेकून सूर थांबवते. हाच डॅम्पर. पियानोच्या ८८ पट्ट्यांपैकी सर्वांत वरच्या सुमारे २० पट्ट्यांना तो नसतोच, कारण त्यांच्या आखूड तारांचा आवाज आपोआप विरतो. तेथे सूर किंचित लांबला, तर तो बिघाड समजू नये.

पियानोला साधारण ४० ते ५० टक्के आर्द्रता मानवते. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये ती बहुधा ८० टक्क्यांच्या वर असते. त्यामुळे सांध्यांतील फेल्ट फुगते, डॅम्पर मंदावतो, तारा गंजतात. शिवाय लोकरीच्या फेल्टला कसर लागते.

दुरुस्तीपूर्वी निदान महत्त्वाचे. सगळेच सूर लांबत असतील, तर बहुधा उजव्या पेडलची जोडणी घट्ट झालेली असते; ती थोडी सैल केली की काम भागते. एखादाच डॅम्पर हळू परतत असेल, तर सांधा मोकळा करावा लागतो. तो तिरका टेकत असेल, तर त्याची तार अगदी किंचित वाकवून गादी त्या सुराच्या दोन्ही किंवा तिन्ही तारांवर सारखी बसवतात. फेल्ट कडक झाले वा कसरीने खाल्ले असेल, तरच ते बदलतात. उभ्या पियानोत हातोडी निम्म्या वाटेवर पोहोचताना डॅम्पर उचलला जावा आणि पेडल दाबताच सर्व डॅम्पर एकाच वेळी हलावेत, ही अखेरची कसोटी.

सांध्यात तेल मात्र कधीही घालू नये. लाकूड आणि फेल्ट ते शोषून घेतात व दोष बळावतो. पियानो ओल येणाऱ्या भिंतीपासून दूर ठेवावा. वाद्य निकामी ठरवून भंगारात काढण्यापूर्वी जाणकार कारागिराला डॅम्पर तपासायला सांगावे. अनेकदा दुखणे तेवढेच असते.